पसा आणि ओंजळ

शनिवार, ३ मे

जुन्या मापांवरचा लेख ‘पसा’ आणि ‘ओंजळ’पाशी अडला होता. पसा – एका हाताचा खोलगट तळवा. ओंजळ – दोन्ही हातांची. म्हणजे दोन पसे, एक ओंजळ. लिहून मोकळी झाले!

सासूबाईंना वाचून दाखवलं.

“दोन पसं म्हंजी ओंजळ? कुणी सांगितलं तुला?”

सोमवार, ५ मे

स्वयंपाकघरातल्या काट्यावर गहू तोलले. पसा – सत्तर ग्रॅम. ओंजळ – दोनशेच्या वर! पुन्हा तोललं. तेच. हात जोडले की मधे जागा होते, ती एकट्या कुठल्याच हाताची नसते.

लेख दुरुस्त केला. सासूबाईंना सांगितलं नाही. ओट्यावर सांडलेले गहू बघून त्यांना कळलंच.

मंगळवार, ६ मे

नीलू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. रविवारी परत जाणार. लेकीची ओटी कोण भरणार?

माझा नवरा केदार गेल्यापासून मी कुणाचीच भरत नाही. ओटीचं ताट निघालं की आत जाऊन कुकर लावते. बायकांनी असल्या रीती मोडाव्यात म्हणून तीन लेख लिहिलेत. आणि कुकर लावते.

लग्नात नीलूची ओटी सासूबाईंनी भरली होती. नंतर झटका आला. त्यांचा डावा हात अजून मांडीवर नुसता पडून असतो.

गुरुवार, ८ मे

“मी न्हाई भरायची. शेजारनीला बोलव.”

एका हाताने भरा, म्हटलं.

“पशानं भिक्षा घालत्यात. नातीची ओटी ओंजळीनं भरत्यात.”

सासरे पेपराआडून म्हणाले, “दोनदा पसा घाल की. झाली ओंजळ!”

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. पेपर आणखी वर गेला.

शनिवार, १० मे

नीलूचं एकच – “आजी भरणार नसेल तर मी रिकामीच जाते.” आजी ढिम्म. दिवसभर दोघी बोलल्या नाहीत. आमटीत मीठ कमी आहे, यावर मात्र एकमत झालं.

रविवार, ११ मे

नीलू पाटावर बसली. उठेचना. शेवटी सासूबाईंनी खुर्ची ओढायला लावली, गव्हाचं ताट मागवलं. मी आत कुकर लावला.

हाक आली. “तुझा डावा हात आन इकडं.”

“आई, माझा हात कसा –”

“डावाच मागितला. उजवा माझा हाय.”

पाच ओंजळी भरल्या. एक दाणा सांडला नाही.

भात खाली लागला.