भोकरचा बैल

ता. निलंगा
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय महामाया,
स. न. वि. वि. अण्णा, सख्खा भाऊ असून, माझा फोन चाळतो म्हणून पत्र, नाहीतर तोंडावरच बोलले असते.

कालच्या शंकरपटाच्या शर्यतीत मी बैल वेळेवर सोडले. छकड्यावर तू उभी. निम्म्या पटापर्यंत आपणच पुढे, आणि मग तू कासरा ओढलास. लोकांना दिसलं नसेल, मला दिसलं.

माझ्या पाखऱ्याला तुझा बैल सुलतान जोडीला मिळाला, म्हणून वर्षभर तू सरावाला आमच्याकडे चार-चार दिवस राहतेस. पटावर जात कोण बघतं, घड्याळ बघतात, असं अण्णाच म्हणतो. आपल्याला भेटायला एवढी एकच वाट आहे. ती का बिघडवलीस?

लोभ आहे, पण आज मागू नकोस.
तुझी,
ऋतुजा

भोकर
१५ फेब्रुवारी

प्रिय ऋतुजा,
सप्रेम जय भीम. रागावलीस की तुझं अक्षर सुधारतं.

हाव, ओढला कासरा. शर्यत सुटायच्या आधी अण्णांजवळ एक बागायतदार उभा होता. जिंकली तर जोडी आजच उचलतो म्हणाला, आणि माझे बाबाही होकाराची मान हलवत होते. बैल विकले गेल्यावर मी तुझ्या घरी कोणत्या तोंडाने येणार? तुला सांगायला वेळच नव्हता.

आहे तेवढा लोभ राहू दे.
तुझी,
महामाया

ता. निलंगा
२० फेब्रुवारी

प्रिय महामाया,
स. न. वि. वि. भोकरच्या बैलात दम न्हाई म्हणत अण्णानं पाखऱ्याची जोडी अहमदपूरच्या बैलाशी जमवली. आता तुझं इकडे काही काम नाही म्हणे. जिंकलो असतो तरी तुटलो असतो, हरूनही तुटलो. आगीतून फुफाट्यात. रडूसुद्धा येत नाही, नुसती चिडचिड होते.

लोभ कुठे ठेवू, तेच कळत नाही.
तुझी,
ऋतुजा

भोकर
२५ फेब्रुवारी

प्रिय ऋतुजा,
सप्रेम जय भीम. नऊ मार्चला, रविवारी, एसटीने येते. बैलाशिवाय. अण्णांनी काय काम विचारलं तर ऋतुजासाठी आले, तिच्यासोबत राहायचंय, असं सांगणार. बाबांना सांगितलं. ते बराच वेळ कडबा तोडत राहिले, मग सोबत डबा ने म्हणाले.

नको असेल तर लगेच लिही. लोभ असेल तर घरीच थांब.
तुझी,
महामाया

ता. निलंगा
४ मार्च

प्रिय महामाया,
स. न. वि. वि. तुझ्याआधी मीच सांगितलं. रविवारी जेवताना, तुझं नाव घेऊन, तिच्यासोबतच राहणार, कोणा मुलाशी लग्न करणार नाही म्हणून. पुनमवहिनीची तव्यावरची भाकरी करपली. अण्णा ताटावरून उठला आणि दोन दिवस गोठ्यातच जेवला.

आज सकाळी गोठ्यात, माझ्याकडे न बघता म्हणाला, की यायचं तर येऊ दे, पर बैल घेऊन ये म्हणावं. बिनबैलाची आली तर गावाला काय सांगू?

मला लई संताप आला. वर्षभर बैलाच्या आडून भेटलो, आता खरं सांगूनही बैलाच्याच आडून. भांडणार होते, पण त्याचे डोळे सुजलेले दिसले.

तेव्हा एसटी नको, टेम्पोनं ये. सुलतानला आण. बैलाशिवाय का यायचं नाही, हे भांडण मी तू आल्यावर तुझ्यासमोरच अण्णाशी काढते.

लोभ धरून ये.
तुझीच,
ऋतुजा