लॅटिन मिस्सा आणि आईची जपमाळ

बोईसर, शुक्रवार संध्याकाळ

काय खरं, तेच कळेनासं झालंय. रोशनला, माझ्या लेकाला, सध्या लॅटिन मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या जुन्या लॅटिन उपासनेचं, वेड लागलंय. म्हणतो, तुमच्या मराठी मिस्सेत नुसती गाणी, शांतता कुठाय? चर्चमधली ती गाणी मीच बसवते, त्यामुळे ते मलाच लागलं.

आज त्याने मोबाइलवर जुन्या पद्धतीची मिस्सा लावून आईसमोर धरली. लहानपणी ती तीच ऐकायची. त्याला वाटलं, आजीचे डोळे भरून येतील. आईने डोक्यावर पदर घेतला, उशीखालची जपमाळ काढली आणि 'नमो मरिया' पुटपुटू लागली. मराठीत!

"आजी, मिस्सा ऐक ना."

"ऐकते ना. लॅटिन कोनाला कलायचं? फादर तिकडं त्याचं म्हनायचा, आमी इकडं माल जपायचो. घंटी वाजली का वर बगायचं."

मला हसूच आलं. म्हटलं, "म्हणजे आताची मराठी बरी ना, आई? सगळं कळतं."

"बरी हाय की. पन तू सारकी गातेस. माल जपायला येलच नाय मिलत."

मग कुणीच हसलं नाही.

बाबांना जाऊन वर्ष झालं; परवा रविवारी त्यांची वर्षाची मिस्सा आहे. त्यांच्या आवडीचं चार कडव्यांचं गीत बसवलंय. दोनच म्हणावीत का? मग रोशनचं खरं ठरलं का? पण त्याची ती लॅटिन तरी आईने कुठे ऐकली? कळत नव्हतं, तेव्हाच ती जास्त प्रार्थना करायची की काय?

दोन कडव्यांनंतर थांबते. बघते, आईचा हात माळेकडे जातो का.