लंबकाची पावलं

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

पत्रच हवं या तुमच्या हट्टापायी खणातून पेन शोधलं. ते पहिल्याच ओळीला सुकलेलं निघालं, म्हणून हे पेन्सिलीनं. काम घरूनच चालू आहे. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि ‘आपल्या भावना आम्ही समजतो’ असं दिवसातून दोनशेदा टाइप करायचं. भाजी दारात येते, जेवण दारात येतं. दारापर्यंत तेवढं मला जावं लागतं.

ऑफिसनं ‘आनंद समिती’ काढली आहे. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा. तो पावलं मोजतो, झोप मोजतो आणि त्यावरून आपण किती आनंदी आहोत ते परस्पर ऑफिसला कळवतो. गेल्या महिन्यात माझा आकडा सगळ्यांत खाली होता. समितीच्या बाईंनी कळवलं, की माझ्यामुळे अख्ख्या गटाचा आनंद घसरतो आहे. म्हणून तो पट्टा आणि त्याचे आकडे पोचवणारा जुना फोन, दोन्ही पार्सलनं पाठवते आहे. तुम्ही रोज दुकानात पायी जाता, तेव्हा महिनाभर तुम्हीच घाला. मामींना मात्र सांगू नका, त्या हसतील.

मी मजेत. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

तुमची,
भिंगरी

---

ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पट्टा पोचला. मामीला मी सांगितलं नाही, पार्सल तिनंच फोडलं. दुसऱ्याच्या पायांनी आनंदी होणारी मुलगी तिनं आजवर पाहिली नव्हती म्हणे.

आता माझी भानगड ऐक. गुडघा डिसेंबरपासून संपावर गेला आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आणलं, त्यामुळे माझी दिवसाकाठी बावीस पावलं होतात, त्यातलीही सहा मामीच्या हाकेमुळे. पण भाचीनं मागितलं आणि मामानं नाही म्हटलं, असं कधी झालंय? शेवटी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या लंबकाला, गोळ्याच्या खाली, पट्टा बांधून टाकला. एवढा कामसू माणूस आपल्या खानदानात झाला नाही. घड्याळ दिवसाला पाचेक मिनिटं मागे पडतं, तेवढं तुझ्यासाठी सोसू. दिवेलागणीला मामी पट्टा काढून खणात टाकते आणि सकाळी तो फोन तुला गाढ झोप लागल्याबद्दल शाबासकी देतो.

पण पोरी, एक विचारू? तुझी पत्रं चार-चार पानी असायची, समासातसुद्धा गप्पा. यंदा एकच पान, आणि त्यात तुझ्याविषयी शब्द एकच: मजेत. घड्याळ बंद पडण्याआधी हळूहळू मागे पडतं, हे मी पन्नास वर्षं पाहत आलोय. तेव्हा तीन गोष्टी कळव. जेवतेस किती वाजता? खिडकी उघडतेस का? आणि समोरासमोर बसून शेवटचं बोललीस कुणाशी? उत्तर फोनवर नको. फोनवर सगळेच बरे असतात.

लोभ वाढव. पत्राची लांबीही वाढव.

तुझा,
घड्याळजी मामा

---

ता. २ मार्च

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा लंबक पहिला आला. ‘सर्वांत आनंदी कर्मचारी’ म्हणून लिफ्टशेजारी माझा फोटो लावला आहे. वीस तारखेला ऑफिसात जाऊन ‘माझ्या आनंदाचं गुपित’ या विषयावर बोलायचं आहे.

आकडा खाली होता तेव्हा समितीच्या बाई आठवड्याला एक फोन तरी करायच्या. आता आकडा उत्तम आहे, त्यामुळे तोही बंद.

रविवारी दिवसभर पलंगावरून उठले नाही. केस किती दिवसांत विंचरले नाहीत, आठवत नाही. दारातलं जेवण दारातच राहतं. पडल्यापडल्या मनात आलं, उद्या मी नसले तरी पट्टा चालत राहील आणि माझा पहिला नंबर जाणार नाही. या गोष्टीचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वरचं खोडणार होते, पण खोडरबर सापडत नाहीये.

भिंगरी

---

ता. ७ मार्च

अहो,
शि. सा. न. वि. वि. (एवढा मान पुरे.)

पत्र वाचून तुम्ही आधी तिला फोन केलात. ती ‘मजेत’ म्हणाली, आणि तुम्ही फोन ठेवून चपला घातल्यात. अर्धा चहा तसाच राहिला, गुडघ्याची पट्टीही विसरलात. ती सोबत पाठवते आहे.

तिच्यापाशी बसा, पण उपदेश नको. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द तर तोंडातून काढूच नका. आपल्या वेळी माझी आत्या दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून निजायची आणि आपण सगळे तिला आळशी म्हणायचो. मला ते अजून टोचतं. पोरीला मनाच्या डॉक्टरांकडे न्या. नसतं मनात आलं ते पत्रात लिहिलंय, तेही त्यांना सांगायला लावा. गोळ्या दिल्या तर मुकाट घेऊ द्या. नजर कमी झाली तर आपण चष्मा लावतो, डोळ्यांना दटावत नाही.

लंबकाचा पट्टा मी सोडला, घड्याळ वेळेवर आणलं. ती बरी होईस्तोवर परतू नका. दुकानाला कुलूप घातलंय. लोकांची घड्याळं थोडी थांबली तर जग बुडत नाही.

लोभ जुनाच, नव्यानं काय मागू.

तुमची मी

---

ता. १४ एप्रिल

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

मामा परतले आणि खोली भलतीच मोठी वाटायला लागली.

मामींनी पट्टा सोडल्यावर माझ्या फोनवर समितीचे अकरा संदेश आले होते: ‘चला, उठा! आज तुम्ही शून्य पावलं चाललात!’ माणूस एकही आलं नाही. आले ते मामाच, लंगडत.

भाषणाचं सविस्तर मामींसाठी. मी खरं ते सांगून टाकलं, की माझ्या आनंदाचं गुपित मामाच्या भिंतीवर डावी-उजवीकडे हलत असतं. मग हिशेबनीस उठले आणि त्यांचा पट्टा शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात असल्याचं कबूल केलं. आणखी दोघींचे पट्टे कपडे धुण्याच्या यंत्रावर बांधलेले निघाले. समितीनं ताबडतोब गंभीर दखल घेतली: पुढच्या महिन्यापासून मनगटावरून निघणारच नाही असा पट्टा येतोय! मी मात्र डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून त्यातून सुटले. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात बसून काम करायचंही मागून घेतलं.

गोळ्या चालू आहेत. दर गुरुवारी डॉक्टरबाईंशी तासभर बोलते. पहिल्या वेळी नुसती रडले, त्यांनी तेही चालेल म्हटलं. सकाळी अजून अंगावर दगड ठेवल्यासारखं होतं. काही दिवशी तो हलतो, काही दिवशी नाही.

आता मामांचे तीन प्रश्न. जेवते एक वाजता, हिशेबनिसांच्या टेबलाशी, दोघांचे फोन खणात. खिडकी उघडी आहे, धूळ येते. समोरासमोर शेवटचं बोलणं आत्ताच, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी, आणि ते भांडण होतं. मी टोमॅटो दाबून पाहिले म्हणून त्यानं मला झापलं. त्याला मी हवी तर होते, निदान झापायला.

हे पत्र नव्या पेनानं लिहिलंय, म्हणजे यातलं काही खोडता येणार नाही. मजेत नाही मी, मामा. पण आहे.

लोभ असू द्या, आणि रविवारी पुढच्या खोलीत माझ्यासाठी एक स्टूल मोकळं ठेवा.

तुमची,
भिंगरी