वरच्या फळीवरची मापं

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, असं मावशी म्हणाली. म्हणून पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतला. सहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवातच लबाडीनं करतोय, पण एवढी चालवून घे.

बातमी अशी की दुकानात नवा कॉम्प्युटर आला. जुना आठवतो ना? सुरू करून चहा पिऊन यावं, तरी हा आपला घरघरतोच. हल्ली तो दिवसातून तीनदा मान टाकायला लागला. गिऱ्हाईक पाय पुढे करून बसलेलं आणि मी हातावर हात ठेवून पडद्याकडे बघतोय, असं किती दिवस चालणार? शेवटी कॉम्प्युटरवाल्या बाईंना बोलावलं. बाई कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. झाकण उघडून आतली धूळ बघितली आणि मला विचारलं, यात बूट शिवता की काय? मग दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून मध्ये वायर जोडली आणि आपली मापं एकेक करून इकडून तिकडे जायला लागली. पडद्यावर नावं सरकत होती. 'तिरका पोस्टमन', 'सपाट तळव्यांच्या मास्तरीणबाई', 'आठ आणि साडेनऊ'. नावं सगळी तू ठेवलेली. बाई हसून हसून बेजार. मी मात्र दुकानमालकासारखा गंभीर चेहरा करून बसलो होतो, कारण तुझी आठवण येत होती आणि परक्या माणसासमोर ते दाखवायचं नव्हतं.

त्याच जुन्या कॉम्प्युटरसमोर तू आणि बाबा बसायचात. बाबांचे हात थरथरायला लागले, आरी धरवेना, तेव्हा रोज दुपारी ते स्टुलावर बसून सांगायचे आणि तू टाइप करायचीस. कुठला पाय कसा टेकतो, कोणाच्या टाचेला किती थर लावायचे, कोणता बूट आतून सैल ठेवायचा. चाळीस वर्षांची विद्या होती ती. मी पाठमोरा बसून शिवायचो, पण कान तिकडेच असायचे. आज कबूल करतो, माझा जळफळाट व्हायचा. दुकानात मी तुझ्याआधी दहा वर्षं राबलो आणि बाबा सगळं सांगतात ते तुला. एखादं नाव टाकण्यापलीकडे टायपिंग मला येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण होतं. पण तेव्हा मला ते पटलं नसतं.

तर, मापं सरकता सरकता बाईंनी विचारलं, हा 'बंद' नावाचा फोल्डरही घ्यायचा का? मी म्हटलं, राहू द्या, त्याचा आता काही उपयोग नाही. आपली रीत त्यांना कुठून माहीत असणार? गिऱ्हाईक वारलं की त्याच्या पायांचे लाकडी साचे वरच्या फळीवर आणि त्याचा फोल्डर 'बंद'मध्ये. सोबत यादीत नाव आणि तारीख. तू त्या कामाला कधी हात लावला नाहीस. लहान असताना त्या फळीकडे बघून रडायचीस आणि मोठी झालीस तरी तो फोल्डर उघडायला तयार नसायचीस. यादी माझीच. बाई म्हणाल्या, एकदा बघून तरी घ्या, हा कॉम्प्युटर भंगारात गेला की मग शोधत बसाल. म्हणून यादी उघडली.

खालून आठवं नाव बाबांचं होतं. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख.

चिंगे, त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं होतं. घरात बसवत नव्हतं म्हणून. स्टुलावर चढून बाबांचे साचे वर ठेवले, ते मला लख्ख आठवतं. पण त्यानंतर कॉम्प्युटरपाशी बसून मी नेहमीसारखा फोल्डरही हलवला, हे मात्र काही केल्या आठवत नाही. इतक्या वर्षांची सवय, हातानं आपोआप केलं. फोल्डर उघडला. आत बाबांच्या पायांची मापं आणि त्यांच्या शेजारी तू टाइप केलेली फाईल, एकशे बारा पानांची. बाबा गेल्यावर फाईल सापडेना, तेव्हा तू हेच सांगत होतीस. बाबांच्या मापातच ठेवली होती, दादा, असं किती वेळा सांगितलंस. आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो की मग दाखव, कुठाय तो फोल्डर? कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून तू आधीच्या आठवड्यात साफसफाई केली होतीस, तेवढं मला पुरलं. बापाची सगळी हयात तू एका बोटानं पुसलीस, असं मी बोललो. मावशी होती, काका होते, शेजारी होते. तू पर्स उचललीस आणि जिना उतरून गेलीस. त्यानंतर जो कोणी तुझी चौकशी करेल त्याला मी हीच गोष्ट सांगत आलो, अगदी मीठमसाला लावून. गेल्या आठवड्यात त्यातल्या प्रत्येकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. बरोबरच आहे त्यांचं.

फाईल मी दोन दिवसांत वाचून काढली. एक्केचाळिसाव्या पानावर तू आहेस. बाबा सांगतात की चिंगीच्या आखूड पायाला नुसती उंची देऊन भागत नाही, ती जिना उतरताना आधी पंजा टेकते, म्हणून टाचेचा शेवटचा थर मऊ चामड्याचा हवा. हे टाइप करताना तुला काय वाटलं असेल, कोण जाणे. त्यांनी शिवायला घेतलेला तुझा शेवटचा जोड अजून माझ्याकडे आहे, उजवा पुरा आणि डावा अर्धा. टाच जमत नाही म्हणून ठेवून दिलाय, असं मी स्वतःला सांगत होतो.

पण फक्त एवढ्यासाठी हे पत्र नाही. खरी गोष्ट लिहायची म्हणून तीन कागद फाडले. त्या यादीत बाबांच्या खालचं नाव तुझं आहे, चिंगे. तू गेलीस त्याच संध्याकाळची तारीख. ते मात्र सवयीनं झालं नव्हतं. ते मला नीट आठवतं. रागानं, दात ओठ खाऊन, जिवंत बहिणीचं माप मी मेलेल्या माणसांत टाकलं आणि तुझे साचे वरच्या फळीवर ठेवले. वरच्याच ओळीत बाबांचं नाव होतं, पण रागात ते दिसलं नाही आणि नंतरची नावं टाकतानाही त्या दोन ओळींकडे मी कधी बघितलं नाही. काल ते खाली काढले, पुसले. 'बंद' फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर घेतला, तुझं माप तेवढं बाहेर काढून ठेवलं. पण दोन वर्षांवरचं माप वापरायचं नाही, हा बाबांचा नियम तुला माहीत आहे, आणि तुझं तर सहा वर्षांचं झालं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त एकदा ये आणि कागदावर पाय ठेव, मला तो डावा बूट पुरा करायचाय.

तुझाच,
दादा