पाच वॅटचा शेजारी

दादा,

रात्रपाळीहून आलास की दूध तेवढं तापव.

माझा गिटारचा शंभर वॅटचा अँप्लिफायर मला न विचारता मित्राला देऊन टाकलास, वर म्हणालास, "घरात शोभेल असा लहान घे." घेतला. चार दुकानं पालथी घालून निवडलाय. हातानं बनवलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या ट्यूबवाला, फक्त पाच वॅटचा.

तुझी दिवसाची झोप मोडू नये म्हणून मोठ्याचं आवाजाचं बटण मी कधी एकच्या आकड्यापुढे नेलं नाही. या लहानग्याच्या ट्यूबा मात्र बटण शेवटपर्यंत पिळल्याशिवाय रंगातच येत नाहीत. असले लहान घेतात ते पूर्ण आवाजात वाजवायलाच.

तुझ्या उशामागच्या भिंतीला लावून ठेवलाय. हलवू नकोस.

झोपायचं तेवढं आत्ता झोपून घे. मी दुपारी येतेय.