सिनेमातले तुमचे हात

अब्बा, काल मी तुमचं ऐकलं नाही. मुलामुलींनी भरलेल्या हॉलमध्ये सांगून टाकलं की पडद्यावर दिसतात ते हात तुमचे आहेत. तुम्ही रागावला असतात की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही तेव्हा चिक्कीच्या कारखान्यात होतात आणि मी अकरावीत. मुंबईहून सिनेमावाले आले होते. अमली पदार्थांच्या जगभरच्या धंद्यावरचा सिनेमा. त्यात एकच असा नायक नाही. परदेशातला व्यापारी, बंदरावरचा अधिकारी, नशेत बुडालेली मुलगी, तिला शोधत फिरणारी आई, अशा कितीतरी जणांच्या गोष्टी एकमेकींत गुंतत जातात. माल मात्र आपल्या लोणावळ्यातून निघतो, चिक्कीच्या डब्यांत दडून घाट उतरतो आणि बोटीवर चढतो. डबे भरणाऱ्याच्या कामासाठी आणलेल्या नटाचे हात फार मऊ दिसत होते. दिग्दर्शक तुम्हाला म्हणाला, "चाचा, तुम्हीच बसा. चेहराही झकास आहे तुमचा." तुम्ही म्हणालात, "हात घ्या. तोंड न्हाई."

त्या संध्याकाळचं आपलं स्वयंपाकघर मला स्पष्ट दिसतं. अम्मी चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि तुम्ही हसत सांगताय, "हेरॉईन म्हनून पुड्यांत पिठीसाखर भरलेली. सकाळी बघत्यात तर निसत्या मुंग्या! मी म्हनलं, सायेब, पोलिसांच्या आदी मुंग्यांनीच धाड टाकली."

"आन तुमाला बरं सोडलं मुंग्यांनी?" अम्मी म्हणाली. "पाकानं हात तर सदा चिकट तुमचं."

मी हरखून गेले होते. म्हटलं, उद्या कॉलेजात सगळ्यांना सांगते. तुमचा घास हातातच राहिला.

"कुनाला सांगायचं न्हाई."

"का पण? सिनेमा तर आहे."

"पिक्चर हाय हे तुला कळतंय, मला कळतंय. पन चिडवायचं असलं की लोकास्नी कळत न्हाई. आपल्यासारख्याला चिडवताना तर न्हाईच. स्मगलरची पोरगी म्हनत्याल. तुला लय शिकायचंय अजून."

मी त्या दिवशी जेवणावरून उठले. तुम्ही मनवायला आला नाहीत. सकाळी नेहमीसारखा माझा डबा भरलात, झाकण लावलंत आणि त्यावर हलकेच थोपटून माझ्या हातात दिलात. ती तुमची सवयच होती. कारखान्यातला प्रत्येक डबा बंद केला की तुम्ही तो असाच थोपटायचात, जणू म्हणताय, नीट जा.

सिनेमा लागायच्या आधीच तुम्ही गेलात. आपल्याकडे तुमचे दोनच फोटो आहेत, आधारकार्डावरचा आणि खालाच्या लग्नातला, आणि लग्नातल्या फोटोत तुमचे डोळे मिटलेत. हलताना, काम करताना तुम्ही फक्त त्या सिनेमात आहात. अंगठ्याजवळ पाकानं भाजल्याचा चट्टा आहे, पुड्या सराईतपणे डब्यात बसतात, झाकण लागतं, आणि मग तुम्ही डबा थोपटता. ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. दिग्दर्शकानं ते कापलं नाही, त्याचे मी मनातल्या मनात कितीदा आभार मानलेत.

आता मी व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेत आहे. घरातली पहिली पदवी माझी, आणि त्या वाटेवर मला कुणी स्मगलरची पोरगी म्हटलं नाही. तुम्ही चेहरा दिला नाहीत, म्हणून. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

काल मावळातल्या एका कॉलेजात आम्ही त्या सिनेमाचा काही भाग दाखवला. तुमचे हात आले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, सगळ्यात नालायक हाच. विष भरतोय आणि थोपटतोय कसा बघा, जसा काय पोरीचा डबा भरून देतोय!"

सगळा हॉल हसला. मी गप्प राहू शकले असते. तुम्ही तेच सांगितलं होतंत. पण पोरीचा डबा हे शब्द तिनं उच्चारले आणि मला राहवलं नाही. सिनेमा थांबवून मी म्हणाले, "ते माझे अब्बा आहेत. आणि माझा डबा थोपटायचा, तोच हा हात आहे."

पुढच्या रांगेतून दबका आवाज आला, "म्हणजे ते खरंच...?"

"नाही गं. पिठीसाखर होती." मग मुंग्यांची धाड सांगितली. पोरं हसली, अब्बा, पण आताचं हसू वेगळं होतं. तुम्ही ज्याला भीत होतात ते हे नव्हतं. मागची मुलगी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "सॉरी, मॅडम," ती म्हणाली, आणि पडद्याकडे बोट दाखवून, "तेवढंच परत लावता का?"

मी परत लावलं. सगळ्यांनी शांतपणे तुम्हाला काम करताना पाहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथेच कबूल करते. त्या कार्यक्रमासाठी संस्थेकडे एक छोटा, सोपा माहितीपट तयार होता. बैठकीत मी हट्ट धरला की हाच सिनेमा हवा, मुलांना धंद्याची सगळी साखळी कळते. ते खोटं नव्हतं. पण आजवर फोनवरच पाहिलेले तुमचे हात मला एकदा मोठ्या पडद्यावर बघायचे होते.