यानात मी नेमका कोण?

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच घालतो). तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूभाऊंचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना म्हणावं, डॉक्टर बदलण्यापेक्षा एकदा दिलेलं औषध घेऊन पाहा. आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांत मजेत आहोत. ते असं झालं.

तुमची धाकटी बहीण आणि मी रोज जेवणं उरकली की अंतराळातली श्राव्य नाटकं ऐकत बसतो, हे तुम्ही जाणताच. (तुम्ही त्याला 'कानात बोळे घालून बसणं' म्हणता, हे आम्हीही जाणतो.) 'शनीच्या कड्याआड' चांगलंच आहे, पण आमचं लाडकं म्हणजे 'परतीचं इंधन'. त्यात एक कप्तानबाई, एक यंत्रमानव, एक कुरकुऱ्या स्वयंपाकी आणि यानाच्या तळाशी कोंडलेला एक जीव. हा जीव बोलत नाही, नुसता श्वास घेतो. ताई, तो दिसतो कसा? इतके भाग झाले, पण लेखकाने एका शब्दाने सांगितलेलं नाही. मला तो ओल्या गादीसारखा दिसतो. ही म्हणाली, छे, लांब मानेचा आहे. आता ही शाळेची प्रयोगशाळा सांभाळते, बरण्यांतले प्राणी रोज बघते, तेव्हा तिच्या शब्दाला वजन. (लांब मानेच्या प्राण्याचा श्वास इतका ओला येईल का, हा माझा प्रश्न तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला.) मग तुमच्या वडिलांना ऐकवलं. नाना डोळे मिटून म्हणाले, त्याला चष्मा आहे. मी पडलो चष्म्याचा दुकानदार, माझ्या तोंडून आपसूक निघालं, नंबर किती असेल?

इथवर ठीक होतं. पण मला स्वस्थ बसवेना. दुकानात एक बँकेचे साहेब डोळे तपासायला आले. त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, आणि पाटीवरची अक्षरं वाचा म्हणायच्या ऐवजी म्हणालो, डोळे मिटा आणि काय दिसतं ते सांगा. मग हळूच कानाशी फोन धरून त्या कोंडलेल्या जिवाचा श्वास लावला. साहेब फ्रेमसकट रस्त्यावर! फ्रेममध्ये भिंगं आधीच्या आजीबाईंच्या नंबरची, त्यामुळे ते समोरच्या सलूनमध्ये शिरले आणि तिथल्या आरशाला माझी तक्रार सांगू लागले.

हे ऐकून हिची मुरकुंडी वळली. हसता हसता बोलून गेली, "त्या यानातला एक जण मला अगदी तुमच्यासारखा दिसतो."

कोण? म्हटलं. "नाही सांगणार." झालं! मी सगळे भाग पुन्हा ऐकले, एकेकाच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं. स्वयंपाकी म्हणावं, तर मला चहासुद्धा जमत नाही. यंत्रमानव म्हणावं, तर तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो, मी एकदाच सांगतो. (एकदाच सांगतो मी.) उरला तो तळाशी कोंडलेला. मी काही दिवस श्वाससुद्धा बेताने घेतला.

परवा तिनेच विचारलं, "आणि तुम्हाला मी कोण दिसते?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, कुणीच नाही. तेव्हापासून अबोला. शेवटचा भाग आला आहे, इंधन पुरतं की नाही हे कळायचं आहे, आणि ही म्हणते, तुमचं तुम्ही ऐका. ताई, एकट्याने ऐकवत नाही हो. लावतो आणि बंद करतो. घर खायला उठतं.

लोभ आहेच, तो या भांडणात कमी करू नये.

आपला,
तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. यानातला मी कोण, ते तिच्याकडून गोडीगुलाबीने काढून घ्या. तुमच्यापाशी ती काही लपवत नाही. कप्तानबाई निघालो तरी चालेल.

आणखी एक ता. क. : ते राहू द्या. तळाशी कोंडलेला निघालो तरी माझी तक्रार नाही. तिला फक्त एवढं सांगा, की ती मला यानात दिसत नाही, कारण ऐकताना ती शेजारी बसलेली असते. मान वळवली की दिसते, मग कल्पना कशाला करू? पण हे तुम्हालाच सुचलं असं दाखवा. मी सांगितलं तर विचारेल, हे कितव्या भागातलं वाक्य?